बायोप्लास्टिकची फिल्म तडकते, चिकटते, बुरशी धरते: दोष नक्की कुठे शोधायचा

बायोप्लास्टिकची फिल्म म्हणजे स्टार्च किंवा जिलेटिन पाण्यात गरम करून, मऊपणासाठी थोडे ग्लिसरीन घालून, थाळीत पातळ ओतून वाळवलेला प्लास्टिकसारखा पापुद्रा. शाळांची विज्ञान प्रदर्शने जवळ आली की तिच्याबद्दलची तीच गाऱ्हाणी फिरून येतात. कॉर्नफ्लॉवरची फिल्म वाळता वाळता तडकली. साबुदाण्याची फिल्म छान निघाली, पण बोटांना चिकटते. जिलेटिनची काचेसारखी पारदर्शक झाली आणि चौथ्या दिवशी तिच्यावर हिरवे ठिपके आले. कृती सगळ्यांची जवळजवळ एकच असते आणि त्यांना मिळणारा सल्लाही एकच: ग्लिसरीन वाढवा, नाहीतर ग्लिसरीन कमी करा.

हा सल्ला पुष्कळदा उलटा पडतो. नागपूरला मे महिन्यात तडकणारी फिल्म आणि रत्नागिरीला जुलैत चिकटणारी फिल्म एकाच पातेल्यातून ओतलेली असू शकते. स्टार्च आणि जिलेटिन दोन्ही हवेशी पाण्याची सतत देवघेव करतात. फिल्म वाळली म्हणजे त्यातले पाणी संपले असे होत नाही. त्या दिवशीच्या हवेला जेवढे पाणी मान्य आहे तेवढे तिच्यात राहते. हे पाणी ग्लिसरीनचेच काम करते, म्हणजे लांबलचक रेणूंच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांवरून सरकू देते. तेव्हा ग्लिसरीनच्या बाटलीला हात लावण्याआधी दोष हवेचा आहे, कृतीचा आहे की शिजवण्याचा, हे ठरवायला हवे.

औषधाच्या कॅप्सूलचे उदाहरण घ्या. कडक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते आणि त्यात ग्लिसरीन घातलेले नसते. त्याला लवचिक ठेवते ते त्यातले १३ ते १६ टक्के पाणी. ते १० टक्क्यांच्या खाली गेले की कवच बोटाखाली फुटते, १८ च्या वर गेले की मऊ पडते. कारखान्यात मोजूनमापून केलेल्या वस्तूची ही गत, तर स्वयंपाकघरातल्या थाळीवर ओतलेल्या फिल्मची काय असणार?

आधी डब्याची परीक्षा

दोन घट्ट झाकणाचे डबे घ्या. एकात लहान वाटी ठेवून तिच्यात मीठ घाला आणि मीठ ओलेचिंब होईल, पण पूर्ण विरघळणार नाही, इतकेच पाणी घाला. अशा ओल्या मिठावरची बंद हवा साधारण ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते. प्रयोगशाळांतही ही जुनी, खात्रीची युक्ती वापरतात. दुसऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यातल्या चालतील, मात्र आधी मंद आचेवर तापवून कोरड्या करून घ्या.

बिघडलेल्या फिल्मचे दोन तुकडे कापा, दोन डब्यांत टाका आणि एक दिवस थांबा.

तडकणारा तुकडा मिठाच्या डब्यात मऊ होऊन वाकायला लागला, तर शिजवण्यात काही चुकलेले नाही. तुमच्याकडची हवा कोरडी आहे, किंवा त्या हवेच्या मानाने ग्लिसरीन कमी पडले आहे. ७५ टक्के आर्द्रतेतही तो कट्‌कन तुटला, तर ग्लिसरीन वाढवून काही उपयोग नाही. स्टार्च कच्चे राहिले आहे किंवा जास्त शिजवून तुटले आहे. चिकटणारा तुकडा सिलिकाच्या डब्यात कोरडा, खडखडीत झाला, तर दोष हवेचा. तिथेही तो तेलकटच राहिला, तर ग्लिसरीन खरोखर जास्त आहे किंवा मिश्रणात साखर गेली आहे.

एवढ्याने बऱ्याच जणांचा प्रश्न मिटतो. ही परीक्षा न करता चार वेळा कृती बदलणारे पाचव्या वेळी पुन्हा पहिल्याच कृतीवर येतात.

चमच्यांचा घोळ

सगळीकडे फिरणारी कृती अशी: एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर, चार मोठे चमचे पाणी, एक लहान चमचा ग्लिसरीन, एक लहान चमचा व्हिनेगर. इंग्रजी कृतींत मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि लहान ५ मिलिलिटरचा असतो. आपल्या घरात चमचा म्हणजे पोह्याचा, चहाचा, भाजीचा, किंवा लोणच्याच्या बरणीतला लाकडी. पहिली चूक तिथेच होते.

माप अगदी बरोबर घेतले तरी हिशेब करून बघा. सपाट भरलेल्या मोठ्या चमच्यात कॉर्नफ्लॉवर ८-९ ग्रॅम मावते. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड, त्याची घनता १.२६. म्हणजे ५ मिलिलिटर ग्लिसरीनचे वजन ६.३ ग्रॅम. स्टार्चच्या तुलनेत हे ७० टक्क्यांच्या आसपास गेले! वर्षभर कोरड्या राहणाऱ्या किंवा हीटरने वाळलेल्या खोलीत अशी फिल्म चालून जाते. कोकणात श्रावणात ती टेबलावरून उचलताना हाताबरोबर येते.

मी सगळे ग्रॅममध्ये लिहितो आणि ग्लिसरीन नेहमी स्टार्चच्या किंवा जिलेटिनच्या कोरड्या वजनाच्या टक्क्यांत. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा खिशातला काटा यासाठी पुरतो. स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमच्या काट्यावर २ ग्रॅम ग्लिसरीन मोजण्यात अर्थ नाही.

२५ सेंटिमीटर व्यासाच्या थाळीसाठी माझी सुरुवातीची कृती: कॉर्नफ्लॉवर १० ग्रॅम, पाणी १०० ग्रॅम, ग्लिसरीन ३ ग्रॅम, साधे पांढरे व्हिनेगर ५ मिलिलिटर. ओतताना थर सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास येतो आणि वाळल्यावर साधारण ०.२ मिलिमीटर उरतो. पुणे-नाशिककडच्या हिवाळ्यात ३ ग्रॅम, म्हणजे ३० टक्के, ठीक बसते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते, तिथे ३.५ ते ४ ग्रॅम लागते. किनारपट्टीवर पावसाळ्यात २ ते २.५ ग्रॅमच्या वर जाऊ नका. १ ग्रॅमपर्यंत मात्र उतरू नका. फार थोडे ग्लिसरीन घातले की स्टार्चची फिल्म बिनग्लिसरीनच्या फिल्मपेक्षाही ठिसूळ होऊ शकते. चकवणारे आहे, पण तसे होते.

पीठ कोणते आणले

मक्याचे पिवळे पीठ आणि कॉर्नफ्लॉवर यांत गल्लत सर्रास होते. पिठात टरफलाचा अंश, तेल आणि प्रथिने असतात. त्याची फिल्म जाड, खरखरीत येते आणि तिला खवट वास सुटतो. पांढरे, दाबले की करकर वाजणारे कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचे स्टार्च. कस्टर्ड पावडर नको, त्यात रंग आणि वास घातलेला असतो. आरारूट म्हणून मिळणारी भुकटी पुष्कळदा टॅपिओकाची, म्हणजे साबुदाण्याच्याच कंदाची, असते. त्याने बिघडत काही नाही, फक्त वागणूक बदलते.

बदलते ती अशी. स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात. अमायलोज सरळ, लांब साखळीचा, अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचा. फिल्मला ताकद अमायलोज देतो. मक्यात तो पाव हिस्स्याच्या थोडा वर, बटाट्यात विसाच्या आसपास, टॅपिओकात सतरा टक्क्यांच्या आसपास. म्हणून मक्याची फिल्म मजबूत पण धुरकट. टॅपिओकाची पारदर्शक, मऊ आणि दमट हवेत लवकर चिकटणारी. टॅपिओकाला ग्लिसरीन पाच टक्क्यांनी कमी धरा, आणि बटाटा किंवा टॅपिओका असेल तर पाणी १०० ऐवजी १५० ग्रॅम घ्या. त्यांची खळ इतकी दाट होते की १०० ग्रॅम पाण्यात ती ओतताच येत नाही.

कुरडईसाठी काढतात तो गव्हाचा चीक चालेल का, असे विचारणारे असतात. चालतो. पण भिजवण्याच्या तीन दिवसांत आंबलेला वास फिल्ममध्ये उतरतो, आणि चीक नीट गाळून वरचे पाणी दोन-तीनदा बदलले नाही तर ग्लूटेनचे धागे राहतात. प्रदर्शनात सांगायला गोष्ट चांगली, फिल्म मध्यम.

तडा: कुठे पडला, कधी पडला

तडा कसा दिसतो यावरून कारण ओळखता येते.

वाळण्याआधीच सगळीकडे बारीक तडे, आणि फिल्म पांढरट, खडूसारखी: स्टार्च कच्चे राहिले. मक्याचे दाणे ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुगून फुटायला लागतात, म्हणून खळ घट्ट झाली की लोक गॅस बंद करतात. ती फक्त सुरुवात असते. आधी थंड पाण्यात पीठ पूर्ण कालवा, मग मंद आचेवर सतत ढवळत ९० अंशांच्या वर न्या आणि तिथे दहा मिनिटे ठेवा. दुधासारखा पांढरा रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक, चकचकीत दिसली पाहिजे. या दहा मिनिटांत वाफ जाते. म्हणून पातेले सुरुवातीला वजन करून ठेवा आणि शेवटी तेवढेच वजन होईल इतके गरम पाणी घाला. हे केले नाही तर प्रत्येक वेळी वेगळी जाडी मिळते आणि तुलना करायला काही उरत नाही.

आता व्हिनेगरचे. आम्ल आणि उष्णता मिळून स्टार्चच्या साखळ्या तोडतात. थोडे तुटणे उपयोगी असते, खळ सैल होते आणि एकसारखी पसरते. व्हिनेगर घालून अर्धा-पाऊण तास उकळले तर साखळ्या इतक्या आखूड होतात की फिल्म सुकल्यावर भुगा होते. मिठाच्या डब्यातही जी सुधारत नाही ती बहुधा हीच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत व्हिनेगरऐवजी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. तिथे पंधरा मिनिटांनंतर तेवढेच विरल सोडियम हायड्रॉक्साइड घालून ते उदासीन करायचे असते. ही पायरी विसरली की ओतल्यानंतरही साखळ्या तुटत राहतात.

कडेने तडे, मध्यभाग चांगला: वाळण्याचा वेग असमान. स्टीलच्या थाळीत कडा पातळ ओतली जाते, आधी सुकते, धातूला घट्ट धरते. मधला भाग नंतर आकसतो आणि कडेला ओढतो. पंख्याखाली किंवा कडक उन्हात ठेवलेल्या थाळीत हे हमखास. पहिले पाच-सहा तास थाळीवर मलमलचे कापड ताणून बांधा, उजेडात ठेवा पण थेट उन्हात नको. नंतर कापड काढा. थाळी सपाट आहे का, हेही पाहून घ्या. तिच्यात चमचाभर पाणी ओता. पाणी एका बाजूला धावले तर खळही धावणार. बऱ्याच थाळ्यांचा तळ मधे किंचित फुगीर असतो आणि तो डोळ्याला दिसत नाही.

चांगली निघालेली फिल्म दोन-तीन आठवड्यांनी तडकली: हे सगळ्यात फसवे, कारण तेव्हा प्रदर्शनाचा दिवस आलेला असतो. शिजवताना विस्कटलेले स्टार्चचे रेणू हळूहळू पुन्हा एकमेकांशेजारी रचले जातात आणि स्फटिक बनतात. अमायलोज काही तासांत रचला जातो, अमायलोपेक्टिनला दिवस-आठवडे लागतात. फ्रिजमध्ये ठेवलेली भाकरी सकाळी लाकूड होते त्यामागे हीच क्रिया आहे, आणि तीही फ्रिजच्या थंडीत अधिक वेगाने होते. म्हणून ‘खराब होऊ नये’ म्हणून फिल्म फ्रिजमध्ये ठेवणे म्हणजे तिला लवकर मारणे. ग्लिसरीन ही रचना लांबवते, थांबवत नाही. ग्लिसरीनचा अर्धा भाग काढून तिथे सॉर्बिटॉल, म्हणजे ग्लिसरीनसारखेच काम करणारा दुसरा पदार्थ, घातले की मला फरक दिसतो. त्यात जिलेटिनचा वाटा घातला तर आणखी. तरीही साध्या स्टार्चची फिल्म सहा महिने तशीच राहील अशी आशा धरू नका. प्रदर्शनासाठीची फिल्म त्याच आठवड्यात करा, आणि जुनी ठिसूळ झालेली शेजारी ठेवा. परीक्षकांना दाखवायला तीच जास्त कामाची.

चिकटणे, घाम येणे, आणि पावसाळा

पृष्ठभागावर तेलकट थेंब जमले, तर ते ग्लिसरीन बाहेर येत आहे. स्टार्चला पेलेल त्यापेक्षा जास्त झाले की ते वेगळे होऊन वर येते आणि हवेतले पाणी ओढून आणखी फुगते. कापडाने पुसून दोन दिवस बरे वाटते, पुन्हा येते. ती फिल्म सोडून द्या, पुढची ग्लिसरीन कमी करून ओता.

थेंब नाहीत पण हाताला चिकटते, तर बहुधा हवाच. पावसाळ्यात एक आडवाटेचा दोषही असतो. कॉर्नफ्लॉवरच्या पुड्यात एरवीही १०-१३ टक्के पाणी असते, आणि उघडा राहिलेला पुडा जुलैत त्याहून जास्त ओढतो. तुम्ही १० ग्रॅम मोजता तेव्हा खरे स्टार्च साडेआठ ग्रॅमच असते, आणि ग्लिसरीनचा टक्का आपोआप चढतो. पुडा हवाबंद डब्यात ठेवला की हे मिटते.

सॉर्बिटॉल इथेही मदत करते. ते ग्लिसरीनइतके पाणी ओढत नाही, फिल्म थोडी ताठ राहते पण हाताला कोरडी लागते. औषधी रसायने विकणाऱ्या दुकानात ते ७० टक्क्यांच्या पाकाच्या रूपात मिळते. १० ग्रॅम सॉर्बिटॉल हवे असेल तर हा पाक १४.३ ग्रॅम घ्यायचा, हे ध्यानात ठेवा. पूर्ण ग्लिसरीन काढून फक्त सॉर्बिटॉल घालू नका. काही आठवड्यांत पांढरा बारीक थर वर येतो. तो बुरशी समजून लोक फिल्म फेकतात. बोटाने चोळून पाहा: भुकटी कोरडी आणि बिनवासाची असेल तर ते सॉर्बिटॉलचे स्फटिक.

आणि खरी बुरशी. स्टार्च, जिलेटिन, पाणी आणि ऊब एकत्र आल्यावर दुसरे काय उगवणार? बुरशी लागते ती बहुतेक वेळा वाळताना, वाळल्यावर नव्हे. थाळीवरचा थर तिसऱ्या दिवशीही ओला असेल तर बाजी गेली. म्हणून पावसाळ्यात पहिले काम जाडी कमी करणे: त्याच मिश्रणासाठी मोठी थाळी घ्या किंवा अर्धेच मिश्रण ओता. दुसरे, ऊब देणे. छताच्या पंख्याने ९० टक्के आर्द्रतेची हवा थाळीवर फिरवून फारसे काही वाळत नाही. हवा गरम झाली तरच ती पाणी घेते. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याला वर-खाली भोके पाडून आत थाळीपासून आणि पुठ्ठ्यापासून अंतरावर जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब लावला की आत ४०-४५ अंश मिळतात. एलईडीने हे होत नाही, तो पुरेसा तापत नाही. होल्डर आणि वायरवर पाणी गळणार नाही अशी सोय करा, आणि मुले एकटी असताना बल्ब चालू ठेवू नका. ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, असेल तर ५० अंशांवर, दार बोटभर उघडे ठेवून. घाईने १०० अंशांवर टाकलेली फिल्म फुगून फोडासारखी होते.

तिसरे, परिरक्षक. आंब्याच्या स्क्वॅशमध्ये घालतात ते सोडियम बेन्झोएट एकूण मिश्रणाच्या ०.१ ते ०.२ टक्के पुरते. ११५ ग्रॅम मिश्रणाला ०.१५ ते ०.२ ग्रॅम. ते आम्ल माध्यमातच नीट काम करते, म्हणून व्हिनेगर असलेल्या स्टार्चच्या कृतीत ठीक, बिनआम्लाच्या जिलेटिनमध्ये फारसे उपयोगाचे नाही. तिथे पोटॅशियम सॉर्बेट घ्या, त्याला आम्लाची तेवढी गरज नसते. नुसत्या व्हिनेगरवर विसंबू नका, त्यातले ॲसेटिक आम्ल वाळताना बरेचसे उडून जाते.

जिलेटिनचे वेगळे नखरे

‘जिलेटिन घेतले तरी फिल्म बनली नाही, नुसता चिकट गोळा’ अशी तक्रार आली की मी आधी पुडा बघायला सांगतो. जेली क्रिस्टल्स म्हणून मिळतात त्यांत बहुतांश साखर असते, आणि आपल्याकडच्या अनेक जेलींत जिलेटिन नसतेच. समुद्री शेवाळातून काढलेले कॅरागीनन किंवा अगार असते. पुड्यावर हिरवी शाकाहारी खूण असेल तर ते जिलेटिन नाही. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून किंवा माशांपासून निघते. घरात ते चालत नसेल तर चायना ग्रास, म्हणजे अगार, घ्या. पण त्याची कृती निराळी: ते नीट उकळावे लागते आणि ४० अंशांच्या आसपास येताच गोठते, म्हणून ओतताना हात चलाख हवा.

जिलेटिनची माझी कृती: १२ ग्रॅम जिलेटिन, ८० ग्रॅम पाणी, ३ ग्रॅम ग्लिसरीन. आधी थंड पाण्यात दहा मिनिटे फुलू द्या, मग भांडे गरम पाण्यात ठेवून ६० अंशांपर्यंत विरघळवा. थेट आचेवर उकळू नका. उकळल्याने जिलेटिनच्या साखळ्या तुटतात आणि ते नीट गोठत नाही. फिल्म मऊ, बिनताकदीची निघाली तर कारण हेच असते, किंवा कमी ब्लूमचे जिलेटिन. ब्लूम म्हणजे जेल किती घट्ट होते याचे माप. बाजारात ५० पासून ३०० पर्यंत मिळते. पुड्यावर २०० च्या वर लिहिलेले असेल तर उत्तम. रंगासाठी ताज्या अननसाचा किंवा पपईचा रस घालणारेही भेटतात. त्यांतली एन्झाइमे प्रथिने तोडतात, जिलेटिन पाण्यासारखे पातळच राहते.

जिलेटिन काचेवर ओतू नका. सुतार वापरतात तो सरस म्हणजे कच्चे जिलेटिनच, आणि सरस वाळताना इतक्या जोराने आकसतो की काचेचे कपचे उपटून काढतो. काचेवर पानांसारखी नक्षी उठवण्यासाठी कारागीर मुद्दाम हेच करतात. तुमच्या टेबलाच्या काचेवर ती नक्षी नको असेल तर ॲक्रिलिकचा तुकडा, जुनी ओएचपी शीट (प्रोजेक्टरची पारदर्शक शीट) किंवा सिलिकॉनची मॅट घ्या. स्टीलच्या थाळीला तेलाचा अगदी पुसट हात चालतो, जास्त लावले तर खाली भोके पडतात.

वाळताना फिल्म गुंडाळली जाते, कारण वरची बाजू आधी सुकते आणि आकसते. ती पूर्ण खडखडीत होण्याची वाट पाहू नका. कडा सुटू लागल्या, पण मधे अजून थोडा थंड ओलावा लागतो आहे, अशा वेळी सोडवा. दोन सुती कापडांमध्ये ठेवून वर पाटी किंवा जाड वह्या ठेवा आणि कापड रोज बदला.

दोन्ही मिसळले आणि रेघा दिसल्या

स्टार्च आणि जिलेटिन एकमेकांत नीट मिसळत नाहीत. सावकाश गार होताना वेगळे व्हायला लागतात आणि फिल्मवर ढगाळ पट्टे दिसतात. दोन्ही एकाच पातेल्यात उकळणे ही नेहमीची चूक. स्टार्चला ९० अंश हवेत, जिलेटिनला ते सोसत नाहीत. खळ वेगळी शिजवा, ६० अंशांपर्यंत येऊ द्या, त्याच तापमानाचे जिलेटिनचे द्रावण तिच्यात ओता, हळू पण नीट ढवळा आणि लगेच पातळ ओता. लवकर गोठले की वेगळे व्हायला वेळ मिळत नाही. जिलेटिनचा वाटा एकूण कोरड्या वजनाच्या पाव हिस्स्यापासून सुरू करा.

बारीकसारीक

फुगे जोरात फेटल्याने येतात. जिलेटिन झाकून गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, फुगे वर येतात, फेस काढून टाका. स्टार्चच्या खळीतून ते सुटत नाहीत, म्हणून तिथे सुरुवातीपासून हळू ढवळणे एवढाच उपाय. ओतल्यावर थाळी ओट्यावर दोन-चारदा आपटा. गुठळ्या राहिल्या तर खळ गरम असतानाच गाळून घ्या. बिटाचा रंग उजेडात उडतो, हळदीचाही उडतो. व्हिनेगरचा वास आठवड्यात जातो. मुंग्या आणि झुरळे फिल्म खातात, तिला डब्यात ठेवा.

पाणी लागले की

‘वॉटरप्रूफ कशी करू?’ या प्रश्नाला छोटे उत्तर: घरी पूर्णपणे होत नाही. स्टार्चची फिल्म पाण्यात फुगून लिबलिबीत होते, जिलेटिनची कोमट पाण्यात विरघळते. लिंबाचे सत्त्व घातल्याने स्टार्चच्या साखळ्या आपसात बांधल्या जातात हे खरे, पण त्यासाठी वाळलेली फिल्म १०० अंशांच्या बरीच वर तापवावी लागते. नुसते मिश्रणात घालून उन्हात वाळवल्याने ती क्रिया घडत नाही, उलट आम्ल साखळ्या तोडते. वरून मधमाशीच्या मेणाचा पातळ हात दिला तर पाण्याचे थेंब काही काळ ओघळून जातात. फिल्म दुमडली की मेणाला चीर पडते आणि तिथून पाणी शिरते.

जिलेटिनसाठी मात्र एक देशी उपाय करून बघण्याजोगा आहे: हिरडा. जुन्नर-आंबेगावकडच्या डोंगरांत जो गोळा होतो, तोच. त्यातले टॅनिन प्रथिनांना एकमेकांशी बांधते, म्हणून चामडे कमावायला तो पूर्वीपासून वापरात आहे. हिरड्याचा काढा जिलेटिनच्या द्रावणात ओतलात तर क्षणात गाळ बसेल आणि सगळे वाया जाईल. फिल्म आधी ओता, पूर्ण वाळू द्या, मग गार काढ्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून पुन्हा दाबून वाळवा. ती तपकिरी होते आणि कोमट पाण्यात लगेच विरघळत नाही. काढा गरम असेल तर बुडवतानाच फिल्म वितळते. फॉर्मलिनने जिलेटिन याहून पक्के होते, पण त्याची वाफ विषारी आहे. शाळेत किंवा घरात त्याला हात लावू नका.

शेवटी पिशव्यांचे. राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, आणि एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली १ जुलै २०२२ पासून. तेव्हापासून ‘या फिल्मच्या पिशव्या करून विकता येतील का’ हा प्रश्न मोठ्या माणसांकडूनही येतो. दुकानात मिळणाऱ्या कंपोस्टेबल पिशव्यांत स्टार्च असले, तरी सोबत बहुधा पीबीएटी किंवा पीएलए असते. ही कंपोस्ट होणारी प्लास्टिके कारखान्यात तयार होतात आणि एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबून बाहेर काढणाऱ्या यंत्रातून, निघतात, थाळीवर वाळत घालून नव्हे. शिवाय कंपोस्टेबल म्हणून पिशवी विकायला ती आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाला उतरावी लागते आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. घरच्या फिल्मपासून कोरड्या वस्तूंची पाकिटे, रोपांच्या नावाच्या पट्ट्या, शोभेची पाने, बियांच्या पुड्या होतात. ओली मेथीची जुडी तिच्यात घालून बाजारातून घरी आणायचे म्हणाल, तर कापडी पिशवीच न्या.